चौघांचं एकमत

मुलींचं वसतिगृह
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दैवशाला,

पत्र बघून दचकू नकोस. घरात एकच फोन आणि तो भावाच्या खिशात, हे तूच सांगितलं होतंस. म्हणून दीपमालाताईंच्या पत्त्यावर हे पाठवते आहे. त्या गावच्या आशा सेविका, त्यांच्याकडे एवढे सरकारी कागद येतात, त्यात एक पाकीट जास्त आलं तर कुणाला काय कळणार!

आधी बातमी. आपलं पथनाट्य पहिलं आलं! महिनाभर गावात राहून काय काम केलं ते प्रत्येक टीमला सादर करायचं होतं. बाकीच्यांनी तक्ते लावले, आकडे वाचले. आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या बिरोबाच्या देवळासमोर केलेल्या नाटकाचा व्हिडिओ लावला. आम्हाला गावात पाठवणारे पंचाक्षरी सर म्हणाले, डॉक्टरकीची, नर्सिंगची, फार्मसीची आणि फिजिओथेरपीची अशी चार पोरं शाळेच्या खोल्यांत राहून एकमेकांच्या उरावर बसली नाहीत, यालाच खरं तर बक्षीस द्यायला हवं. सरांचा नियम तुला आता पाठ झाला असेल. घरी जायचं ते चौघांनी, विचारायचं ते चौघांनी, ठरवायचं तेही चौघांनी मिळून. म्हणून तर पहिल्या दिवशी आम्ही पांढऱ्या कोटांत एकदम तुमच्या अंगणात शिरलो आणि योगीराज तुमच्या कुत्र्याला घाबरून बैलगाडीवर चढला.

हर्षालीचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. तुला आमच्यासमोर फिट आली तेव्हा तिनेच तुला कुशीवर वळवलं होतं ना? मान डावीकडे कशी जाते, हात कसा आखडतो, सगळं तिने लक्षात ठेवलं आणि हुबेहूब केलं. सुनेला कांदा हुंगवणारी सासू झालेला कृष्णराज बघून तर आमचे डीन हसून हसून लाल झाले. शेवटी नवरा म्हणतो, "रोज गोळी घे आणि चल बोहल्यावर!" तिथे जोरात टाळ्या पडल्या. तुझं नाव आम्ही कुठेही घेतलं नाही. रुग्णाची ओळख झाकून ठेवली म्हणून वेगळे गुण मिळाले.

तुझी आबोली साडी माझ्याकडेच राहिली बघ. नाटकातल्या नवरीला चांगली साडी हवी म्हटल्याबरोबर तू पेटीतून काढून दिलीस. धुऊन, इस्त्री करून पाठवते. तुझ्या आई मात्र नाटक अर्ध्यात सोडून उठून गेल्या. शेळ्यांची धार काढायची वेळ झाली असेल. त्यांनी शेवट बघायला हवा होता गं.

गोळ्या चालू आहेत ना? सकाळी एक, रात्री एक, चुकवायची नाही. चुलीपाशी आणि विहिरीवर एकटीने जायचं नाही. आणि तुझ्या होणाऱ्या सासरच्या, मुरुमच्या मंडळींनी लग्नाची तारीख काढली का? आम्ही चौघंही जेवायला येणार आहोत.

तुझी,
शिवांजली


बिरोबावाडी, ता. लोहारा
१ मार्च

शिवांजली ताईंना दैवशालाचा नमस्कार.

तुमचं पत्र पावलं. पैला नंबर आला, लई चांगलं झालं. योगीराज सरांना सांगा, कुत्रं अजून त्यांची आठवण काढतंय. तुमी गेल्यापासनं शाळेच्या खोल्यांना कुलूप हाय. दीपमाला ताई म्हणती, चौघांनी जाताना फळ्यावर 'धन्यवाद' लिवून ठेवलंय ते अजून कुणी पुसलं न्हाय.

साडी पाठवू नका. तुमालाच ठिवा. मला आता तिचं काय काम न्हाय, आन तुमच्या अंगाला आबोली रंग खुलून दिसंल.

मुरुमचं अजून काय कळलं न्हाय. ज्वारीची काढणी चालू आसंल, सवड मिळंना झाली आसंल त्यांना. आबा मेंढरांसंगं रानातच असत्यात, भाकर खायाबी घरी येत न्हाईत. आई बरी हाय. तिनं दीपमाला ताईला सांगितलंय, तू आमच्या दारात येऊ नको, काम आसलं तर मीच येते. त्याच्यामुळं तुमचं पत्र हातात पडायला उशीर झाला.

एक इचारायचं होतं. गोळी दिवसाआड घेतली तर चालतं का? न्हायतर अर्धी अर्धी करून? मला काय झालं न्हाय. उगं आपलं म्हाईत असावं म्हणून इचारलं.

तुमची,
दैवशाला


मुलींचं वसतिगृह
१६ मार्च

प्रिय दैवशाला,

अगं वेडे, किती मोठं मन तुझं! साडी खरंच मला? गॅदरिंगच्या साडी डेला मीच नेसले ती. सगळ्या विचारत होत्या, कुठून घेतलीस. मी म्हटलं, माझ्या बिरोबावाडीच्या मैत्रिणीने दिली. फोटो सोबत ठेवला आहे.

आता रागावते. दिवसाआड अजिबात चालणार नाही. अर्धीही नाही. ही गोळी मध्येच तोडली तर फिट पहिल्यापेक्षा जोरात येते. मी तुझा प्रश्न टीमसमोर ठेवला. कृष्णराज म्हणतो, आरोग्य केंद्रात साठा भरपूर आहे, मग ती वाचवायला का बघते? हर्षालीला वाटतं, गोळीने पोटात मळमळत असेल. योगीराजचं मत, तुला कंटाळा आला असेल. तिन्ही गोष्टींवर उपाय लिहून पाठवते आहे, वाच.

आणि मुरुमची मंडळी कामात आहेत म्हणे! लाजतेस काय, सरळ सांग की तारीख ठरली.

तुझी,
शिवांजली


बिरोबावाडी
५ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र वाचलं आन माझं टकुरंच फिरलं. साडी नेसून फोटो काढला व्हय! काढा, काढा. अजून चार काढा.

ती साडी आईनं मुरुमच्या बाजारात हिंडून हिंडून घेतली होती. मुलाकडची मला बघायला आली तवा मी तीच नेसले होते. मुलाचा मामा आमच्याच गावचा. सोयरीक त्यानंच आणलेली. तुमच्या नाटकाला तो पुढं सतरंजीवर बसला होता. हर्षाली ताई ती साडी नेसून पायरीवर आल्या तवाच बायका कुजबुजाय लागल्या. मग त्या पडल्या. मान वळली, हात आखडला, आन समदं गाव मागं वळून माझ्याकडं बघाय लागलं. मी हसत होते ताई! मला वाटलं, माझी साडी कशी झ्याक दिसतीया म्हणून बघत्यात.

आई धार काढाय गेली न्हवती. तोंड लपवून गेली. तुमी म्हणता नाव घेतलं न्हाय. आमच्या गावात नाव घ्यावं लागतंय का कुणाचं? इथं मेंढरू कानावरनं वळखत्यात आन माणूस चालीवरनं. बाईची एकुलती एक चांगली साडी वळखाय काय अक्कल लागती का?

दुसऱ्या दिशी सकाळीच मामा आला. उभ्या उभ्या बोलला, आईनं चा ठिवला त्योबी घेतला न्हाय. पोरगी गुणाची हाय पर आमाला जमायचं न्हाय, म्हणला. त्यो गेला आन आबांनी माझ्या समद्या गोळ्या उकिरड्यात फेकल्या. घरात गोळ्या दिसत्यात म्हणून लोकांना आजार दिसतोय, म्हणले. आईनं त्यातली हाताला लागली तेवढी पाकिटं वेचून ज्वारीच्या कणगीत दडवली. त्यातलीच पुरवून पुरवून घेतीया. म्हणून इचारलं होतं दिवसाआडचं. मळमळत न्हाय आन कंटाळाबी आला न्हाय. दोन बारी फिट येऊन गेली.

आता आळंदकडची सोयरीक आणलीया आबांनी. पल्याड, कर्नाटकात. वैशाखात लगीन. त्यांना फेफऱ्याचं म्हाईत न्हाय, आन सांगायचं न्हाय असं घरात ठरलंय. सरकारी दवाखान्यात जायची मला बंदी हाय, तिथल्या रांगेत आमच्याच भावकीची माणसं असत्यात.

माझं एवढंच करा. गोळ्या पाठवून द्या, रक्तवाढीच्या गोळ्यांच्या डबीत घालून. त्या डब्या समद्याच सुनांकडं असत्यात, सासरी कुणी इचारायचं न्हाय. आन मला खरं सांगा, नवऱ्याला म्या सांगू का नको? उत्तर तुमी एकटीनं द्या. टीमला इचारू नका. तुमी चौघं मिळून बोलाय लागलात की माझ्याशी कोण बोलतंय तेच मला कळत न्हाय.

दैवशाला


मुलींचं वसतिगृह
२० एप्रिल

दैवशाला,

तुझं पत्र वाचलं. साडीचा विचार आमच्या कुणाच्या डोक्यातही आला नाही. चौघांत एकाच्याही नाही. माफ कर म्हणायची लाज वाटते, तरी म्हणते. मला माफ कर.

तू एकटीने उत्तर दे म्हणालीस. मी चार दिवस पत्र जवळ ठेवलं आणि शेवटी टीमला दाखवलं. मला एकटीला हे पेलेना. हर्षाली रडायला लागली, तिने नाटकाचा व्हिडिओ फोनमधून काढून टाकला. कृष्णराज म्हणाला, एका औषधाच्या डबीत दुसरं औषध घालणं म्हणजे जीवाशी खेळ, उद्या तीच डबी घरातल्या दुसऱ्या बाईने उघडली तर? त्याचं खोटं नाही. शिवाय ही गोळी मूल राहण्याआधी बदलावी लागते, नाहीतर बाळाला धोका असतो. त्यासाठी डॉक्टरांनी तुला समोर बसवून तपासायला हवं. आम्ही पंचाक्षरी सरांकडे गेलो. सर म्हणाले, तुमचं पोस्टिंग संपलं, आता परस्पर औषध पाठवणं बसत नाही. तिची फाइल पुढच्या टीमकडे जाईल, ती टीम गणपतीनंतर येईल.

तेव्हा आमचं चौघांचं एकमत असं झालं: तू आरोग्य केंद्रात जा, काही करून जा. नवऱ्याला लग्नाआधी सांग. आणि तुला सांगायला जड जात असेल तर आम्ही चौघं आळंदला येतो, त्यांच्या घरच्यांना समोर बसवून नीट समजावून सांगतो. हर्षाली या बाबतीत फार चांगलं बोलते.

उत्तर लगेच पाठव.

शिवांजली


बिरोबावाडी
८ मे

ताई,

येऊ नका. तुमाला बिरोबाची आण हाय, चौघं मिळून तिथं येऊ नका.

तुमचं एकमत झालं, बरं झालं. आमच्या घरातबी झालंय. आबा, आई, भाऊ, आबांचे पावणे, समद्यांचं एकच मत हाय. फकस्त मला कुणी इचारलं न्हाय. तुमाला म्या इचारलं तर तुमी इचाराय दुसरीकडं गेलात.

हळद लागलीया. हात पिवळे हाईत म्हणून कागदावर डाग पडलेत, वाईट दिसतंय, चालवून घ्या. कणगीतल्या उरलेल्या गोळ्या आईनं माझ्या बांगड्यांच्या डब्यात खाली घातल्यात. किती दिस पुरत्यात ते म्या बघितलं न्हाय. बघितलं तर भ्या वाटंल.

सासरचा पत्ता मागू नका. पत्रबी पाठवू नका तिकडं. तुमच्यावर राग हाय. लई हाय. पर तुमी दुसऱ्यांसारखं मला 'फेफऱ्याची' म्हणून लांब बसून बोलला न्हाईत, माझ्या ताटलीतली भाकर खाल्लीत, तेबी ध्यानात हाय.

दैवशाला


मुलींचं वसतिगृह
२९ जून

दैवशाला,

पाठवू नकोस म्हणालीस, तरी दीपमालाताईंकडे हे पाठवते आहे. तू माहेरी आलीस तर मिळेल.

मी आमच्या विभागातल्या मोठ्या डॉक्टर मॅडमना भेटले. एकटी गेले. साडीसकट सगळं सांगितलं. त्या खूप बोलल्या मला, आणि बोलायलाच हव्या होत्या. मग म्हणाल्या, तिला घेऊन ये, मी तपासते, लग्न झालेल्या बाईला चालणारी गोळी देते, कुणाला कळणार नाही. मी सरांना विचारलेलं नाही. टीमला सांगितलेलं नाही.

मागच्या रविवारी मुरुमपर्यंत आले होते. स्टँडवरून दीपमालाताईंना फोन केला, तुझ्या सासरचं गाव विचारायला. त्या म्हणाल्या, आळंदच्या बाजूला एवढंच माहीत आहे, तुझी आई गावाचं नाव कुणालाच सांगत नाही. आळंदची गाडी समोर लागली होती. मी तिच्यात चढले आणि परत उतरले. कुठल्या गावात उतरायचं आणि कुणाची सून म्हणून विचारायचं?

गोळ्या संपल्या असतील का गं? मला त्याच विचाराने अभ्यास होत नाही. कुणाच्या तरी हाती नुसतं गावाचं नाव पाठव. नाहीतर नवऱ्याला सांगून टाक. मला आता वाटतं, सांग. हे माझं एकटीचं मत आहे. उशिरा देते आहे.

शिवांजली


मुलींचं वसतिगृह
१० ऑगस्ट

दैवशाला,

दीपमालाताई फोनवर नीट बोलत नाहीत. "तुमी लिवा, मी देते," एवढंच म्हणतात. म्हणजे तू गावात आहेस का? पंचमीला आलीस का? बरी आहेस ना?

मी एकटी येऊ का? हो किंवा नाही, एवढंच लिही. कोट घालणार नाही, अंधार पडल्यावर येईन, तुझी लांबची मावसबहीण म्हणून येईन. तू म्हणशील तसं.

शिवांजली


बिरोबावाडी
२१ सप्टेंबर

शिवांजली ताईंना नमस्कार.

हे अक्षर दीपमाला ताईचं हाय, बोलणं माझं हाय. मधी मधी ती रडती, तवा थांबावं लागतंय.

तुमची दोन्ही पत्रं आत्ता मिळाली. दीपमाला ताईनं ठिवून घेतली होती. ती म्हणली, त्या हालतीत तुला कसली पत्रं वाचून दाखवू.

सासरी वाईट काय न्हवतं. नवरा कानडीत बोलायचा, मला निम्मं कळायचं, निम्म्याला मी हसायची. त्याला वाटायचं, बायको लई हसरी हाय. गोळ्या आषाढात संपल्या. त्याला सांगावं म्हणून म्या दोन बारी तोंड उघडलं. एकदा सासू आली. एकदा माझीच जीभ उचलंना झाली. मोडलेली सोयरीक डोळ्यापुढं यायची. म्हणलं, अजून थोडं दिस जाऊ दे, पोरगं-बिरगं झालं की सांगू.

एका दिशी समदी रानात पेरणीला गेल्ती. घरात मी एकटी, चुलीपुढं भाकरी करत होते. पुढचं मला म्हाईत न्हाय. लोक सांगत्यात. शेजारीण वास आला म्हणून पळत आली. डोळं उघडलं तवा गुलबर्ग्याच्या दवाखान्यात होते. उजवा हात चुलीत पडला होता. बोटं एकमेकाला चिकटल्यात, मूठ उघडत न्हाय. त्याच अंगाचा गाल गेलाय. डोळा वाचला म्हणून डॉक्टर म्हणले नशीब हाय.

नवरा आला बघायला. खाटेपाशी बसला. म्हणला, "मला आधी सांगितलं असतंस तर तुला चुलीम्होरं एकटी बसू दिलं नसतं." मराठीत म्हणला, मला नीट कळावं म्हणून. खरं बोलला का खोटं, बिरोबाला म्हाईत. पर ताई, त्यो तसा वागला असता का, ते मला आता कवाच कळायचं न्हाय. त्याचंच लई वाईट वाटतंय. हाताचं नंतर वाटतंय. मग सासऱ्यानं जीप करून मला हितं आणून सोडलं. आबांच्या पाया पडला आन गेला. भांडलासुदीक न्हाय. भांडला असता तर आबांना बरं वाटलं असतं.

आता आबाच जात्यात सरकारी दवाखान्यात. समद्यांच्या देखत रांगेत उभं राहून माझ्या गोळ्या आणत्यात. भिंतीतल्या देवळीत बिरोबाच्या फोटोपाशी ठिवत्यात. घेतली का गं, म्हणून सकाळ-संध्याकाळ इचारत्यात. कुणी घरी आलं तर उचलूनबी ठिवत न्हाईत. आईनं ते बघितलं की ती बाहेर जाऊन बसती. गोळ्या चालू झाल्यापासनं फिट आली न्हाय.

तुमच्या कॉलेजची नवी पोरं आल्यात गावात. ह्या बारीलाबी चौघंच. फाइल वाचून आली होती. आई दार लावाय धावली, म्या म्हणलं उघडं ऱ्हाऊ दे. चांगली पोरं हाईत. एकानं हात बघितला, एकीनं गोळ्या बघितल्या, एकानं फोटो काढू का म्हणून इचारलं, काढ म्हणलं. बोटं सोडवायला रोज हात चोळून घ्यावा लागंल, म्हणले. मग म्या इचारलं, तुमचा महिना सपला की ह्यो हात बघाय तुमच्यातलं कोण येणार? एक पोरगी म्हणली, आमी टीममधी ठरवून सांगतो.

तुमी इचारलंय, एकटी येऊ का. या. पर अंधारात येऊ नका, आन मावसबहीण म्हणून तर अजिबात येऊ नका. पांढरा कोट घाला, भर दुपारी बाजाराच्या रस्त्यानं या. कुणी इचारलं तर आबांचं नाव घेऊन, बिराप्पाच्या दैवशालाला बघाय चालले म्हणून मोठ्यानं सांगा. लोकांनी बघितलं तर बघू द्या, आता माझं काय मोडायचं ऱ्हायलेलं न्हाय.

दैवशाला